ग्रंथालयाची जागा: आधी मोकळी करा, मग मांडा

नॅकच्या समितीची तारीख ठरली की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रंगारी येतो. त्याच्या मागोमाग पडदे, कुंड्या, ‘ज्ञानस्रोत केंद्र’ अशी नवी पाटी आणि फर्निचरवाल्याचा कॅटलॉग. महिनाभरात फोटो काढण्याजोगे ग्रंथालय तयार होते. विद्यार्थी मात्र पूर्वीसारखेच जिन्याच्या पायऱ्यांवर आणि कँटीनच्या कोपऱ्यात बसून नोट्स उतरवत असतात.

ग्रंथालयाची पुनर्रचना म्हणजे फर्निचरची खरेदी, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. ‘आमच्याकडे जागाच नाही’ ही दुसरी नेहमीची तक्रार. बहुतेक ठिकाणी जागा असते, पण ती अडकून पडलेली असते. कधी कालबाह्य क्रमिक पुस्तकांच्या वीस-वीस प्रतींमध्ये, कधी देवघेव विभागाच्या लांबलचक काउंटरमागे, कधी कुलूपबंद गोदरेज कपाटांत, तर कधी ‘फक्त प्राध्यापकांसाठी’ अशी पाटी लावलेल्या आणि दिवसभर रिकाम्या असलेल्या खोलीत. म्हणून वास्तुविशारदाला बोलावण्याआधी दोन कामे ग्रंथपालांनी स्वतः करायची आहेत: नीट पाहायचे आणि नको ते काढायचे. पुढचे सगळे दहा ते पन्नास हजार ग्रंथ असलेल्या साध्या संलग्न महाविद्यालयांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. विद्यापीठांची मोठी ग्रंथालये ही वेगळी गोष्ट.

कोण कुठे बसते?

ग्रंथालयाचा आराखडा एका कागदावर काढा. टेबले, खुर्च्या, खिडक्या, पंखे, प्लग, दारे सगळे त्यात दाखवा आणि त्याच्या पन्नासएक झेरॉक्स काढा. मग दर तासाला एक फेरी मारायची आणि जो जिथे बसला असेल तिथे खूण करायची. एकटा की घोळक्यात? समोर ग्रंथालयाचे पुस्तक आहे, घरून आणलेले आहे, लॅपटॉप आहे की नुसता मोबाइल? एवढे नोंदवले तरी पुरे. नावे विचारायची नाहीत. ही पाहणी वर्षातून तीनदा, आठवडा-आठवडा करा: प्रवेशाच्या धामधुमीत, सत्राच्या मध्यावर आणि परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या आठवड्यातली गर्दी पाहून वर्षभराची मांडणी ठरवली, तर दहा महिने खुर्च्या ओस पडतात.

नकाशे एकावर एक ठेवून पाहिले की काही गोष्टी हमखास दिसतात. भिंतीला पाठ लागेल अशा जागा आधी भरतात. खिडकीजवळच्या, पंख्याखालच्या आणि प्लगजवळच्याही. हॉलच्या मधोमध ठेवलेले लांब टेबल आणि ग्रंथपालांच्या थेट नजरेसमोरच्या खुर्च्या शेवटी. सहा खुर्च्यांच्या टेबलावर तीन-चार जण बसले की ते ‘भरले’, कारण शेजारच्या खुर्चीवर बॅग असते आणि अनोळखी मुलीशेजारी किंवा मुलाशेजारी जाऊन बसायला कोणी धजावत नाही. कागदोपत्री साठ आसने असलेल्या वाचनकक्षात प्रत्यक्षात चाळीसच बसू शकतात ते यामुळे. त्यामुळे आसनसंख्या वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय अनेकदा नव्या खुर्च्या हा नसतोच. मोठी टेबले दुभागावीत, मध्ये हातभर उंचीची आडफळी लावावी आणि बॅगांसाठी वेगळी सोय करावी.

प्रश्नावली वाटून हे कळत नाही. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की मुले एसी आणि वायफाय लिहून देतात, आणि आपल्यालाही तेच उत्तर अपेक्षित असते. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाने याच कामासाठी नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना सोबत घेतले होते. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरे दिले, दिवसभरात कुठे कुठे गेलात ते नकाशावर नोंदवायला सांगितले, हवे तसे ग्रंथालय कागदावर काढायला लावले. हा अभ्यास २००७ मध्ये पुस्तकरूपाने आला. तुमच्या महाविद्यालयात समाजशास्त्राचा विभाग असेल, तर हाच प्रकल्प तिसऱ्या वर्षाच्या मुलांना देता येईल. त्यांना प्रात्यक्षिक मिळते, तुम्हाला फुकटात पाहणी मिळते.

ग्रामीण भागात आणखी एक कागद लागतो: एसटीचे वेळापत्रक. शेवटचे व्याख्यान बारा वाजता संपते आणि गावाकडची गाडी अडीचला असते, तेव्हा मधले अडीच तास मुली कुठे बसतात? ग्रंथालय नेमके त्या वेळी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद असेल, तर मांडणी कितीही सुंदर करा, उपयोग नाही.

काय काढायचे, काय मुळीच काढायचे नाही

आता थोडे गणित. रॅकची एक फळी साधारण ९० सेंटीमीटर लांब असते. पुस्तकाची सरासरी जाडी तीन सेंटीमीटर धरली, तर त्यावर तीस पुस्तके मावतात. पण फळी ठासून भरायची नसते, पाव भाग तरी मोकळा हवा. म्हणजे बावीस-तेवीस पुस्तके. दोन्ही बाजूंना सहा-सहा फळ्या असलेल्या एका रॅकवर सुमारे २७० पुस्तके बसतात, आणि मधली वाट धरून हा रॅक साधारण सव्वा चौरस मीटर जागा खातो. अभ्यासक्रम बदलल्यामुळे निरुपयोगी झालेल्या पाच हजार प्रती काढल्या तर अठरा-एकोणीस रॅक मोकळे होतात, आडव्या वाटा धरून पंचवीस चौरस मीटरच्या आसपास. भारतीय मानक ब्यूरोच्या ग्रंथालय इमारतींविषयीच्या शिफारशीत एका वाचकामागे २.३३ चौरस मीटर धरले आहेत. म्हणजे एक वीटही न रचता दहा जणांची ऐसपैस सोय झाली.

निर्लेखनाचे नाव काढले की मात्र सगळे घाबरतात. ऑडिटर काय म्हणेल, संस्थाचालक काय म्हणतील, ‘सरस्वती विकली’ अशी बातमी येईल का. भीती अगदीच निराधार नाही, म्हणून कागद पक्के ठेवायचे. विषयवार याद्या करा, प्रत्येक यादी त्या विभागप्रमुखांकडून तपासून घ्या, ग्रंथालय समितीत ठराव करा, व्यवस्थापनाची मंजुरी घ्या, दाखल नोंदवहीत त्या त्या क्रमांकासमोर शेरा मारा आणि संगणकातली नोंदही बदला. ही शेवटची पायरी हमखास राहते, आणि मग वर्षानुवर्षे कॅटलॉगमध्ये ‘उपलब्ध’ दिसणारी पुस्तके मुले शोधत बसतात. जुन्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकाची एक प्रत ठेवावी. अभ्यासक्रम कसा बदलत गेला हे पुढे कोणाला तरी पाहायचे असते.

इथे एक सावधगिरी, आणि ती मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. इंग्रजी नियतकालिकांचे बांधीव खंड काढताना ते ऑनलाइन मिळतात का ते तपासता येते. मराठी नियतकालिकांचे तसे नाही. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे बांधीव अंक, जिल्ह्यातल्या एखाद्या साप्ताहिकाच्या फायली, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, सहकारी कारखान्यांचे जुने अहवाल, तुमच्याच महाविद्यालयाची वार्षिके: हे कुठल्या सर्व्हरवर असेल असे गृहीत धरू नका. गेल्या दहा वर्षांत एकदाही कोणी मागितले नाही, हा निकष क्रमिक पुस्तकांना लावा, यांना नको. या सामग्रीला कोरडी, बंद, दाट खोली द्या. वाचनकक्षातली मोक्याची जागा तिला नको, पण रद्दीच्या तराजूवर तर मुळीच नको.

साठवण आणि वाचन वेगळे करण्याचे हे तत्त्व जगभर वापरले जाते. शिकागो विद्यापीठाने २०११ मध्ये उघडलेल्या मन्सुएटो ग्रंथालयात जमिनीखाली पस्तीस लाख खंडांची क्षमता असलेले यांत्रिक कोठार आहे, आणि वर काचेच्या घुमटाखाली नुसता वाचनकक्ष. आपल्याला यंत्रे परवडायची नाहीत. कमी लागणारे ग्रंथ मागे दाट रचायचे आणि रोज लागणारे पुढे मोकळे मांडायचे, एवढे मात्र तालुक्याच्या गावीही जमते.

दाट रचताना एका गोष्टीत तडजोड नको. ग्रंथ फार जड असतात. आयएस ८७५ (भाग २) या मानकानुसार वर्गखोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरून आखतात, तर ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी २.२ मीटर उंचीपर्यंत ६०० किलो, आणि त्याहून उंच गेल्यास आणखी. म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन वर्गखोल्यांमधली भिंत पाडून तिथे स्टॅक रूम करायची आणि वर सरकते कॉम्पॅक्टर रॅक बसवायचे, हा बेत स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अभिप्रायाशिवाय करूच नये. साठा तळमजल्यावर, वाचन वर, ही जुनी पद्धत उगाच पडलेली नाही.

जाळीची खिडकी

महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत विद्यार्थी अजूनही जाळीच्या खिडकीपुढे रांग लावतो, मागणीची चिठ्ठी आत सरकवतो आणि परिचर आतून पुस्तक आणून देतात. यादीत नाव ठाऊक असलेलेच पुस्तक या पद्धतीत मिळते. शेजारचे, जास्त चांगले पुस्तक कधी दिसतच नाही. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा हे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले सूत्र आपण ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत लिहितो आणि नोकरीवर रुजू झाल्यावर जाळी लावून घेतो.

अडचण चोरीची नाही, चोरीच्या जबाबदारीची आहे. हरवलेल्या पुस्तकांची रक्कम निवृत्तीच्या वेळी आपल्याकडून वसूल होईल ही धास्ती. त्यासाठी केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला २१५ वा नियम प्राचार्यांसमोर ठेवा. वर्षभरात दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणे तो स्वाभाविक मानतो, निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नसेल तर. एक हजार रुपयांहून जास्त किमतीच्या आणि दुर्मीळ ग्रंथांची मात्र चौकशी व्हावी असे सांगतो. राज्यातल्या संस्थांना तो थेट लागू नसला, तरी स्वतःचा तसा ठराव करून घ्यायला तो चांगला आधार आहे. ठराव हाती असेल तरच मुक्त प्रवेश द्या. नुसत्या उत्साहावर नको.

सुरुवात एकाच विषयापासून करा, शक्यतो मराठी साहित्य किंवा स्पर्धा परीक्षांची पुस्तके. बाहेर पडायचा रस्ता एकच आणि काउंटरसमोरून. बॅगा बाहेर ठेवायच्या असतील तर त्या उघड्या फळीवर टाकायला लावू नका, त्यांत आता लॅपटॉप असतात. छोटे लॉकर द्या. वाचून झालेले पुस्तक मुलांनी रॅकमध्ये परत ठेवायचे नाही, टेबलावरच सोडायचे, अशी ठळक पाटी लावा. पुस्तके चुकीच्या जागी जात नाहीत, आणि संध्याकाळी ती गोळा करताना कोणते पुस्तक किती चाळले जाते याचा आकडा आपोआप मिळतो. आरएफआयडीची दारे हा पुढचा प्रश्न. ती बसवून आत जाळी कायम ठेवलेली ग्रंथालयेही आहेत, असो.

काउंटरही आखडता येते. देवघेवीचे काम संगणकावर गेल्यापासून पंधरा फुटांच्या काउंटरची गरज संपली आहे. पाच-सहा फूट पुरे, त्यातला एक भाग ७५ ते ८० सेंटीमीटर उंचीचा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या विद्यार्थ्यालाही समोरासमोर बोलता येईल. संगणकांच्या रांगेचेही तेच. दहा डेस्कटॉपपैकी आठ बंद असतात. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन सेवेवरचे लेख मुले मोबाइलवरच उघडतात. कॅटलॉग शोधायला आणि ज्यांच्याकडे साधन नाही त्यांच्यासाठी तीन-चार चालू स्थितीतले ठेवा. बाकीची जागा प्लग असलेल्या टेबलांना द्या.

उजेड, वारा आणि चार महिने पाऊस

आर्किटेक्टच्या चित्रांत नेहमी ऊन पडलेले असते. तुमच्या ग्रंथालयाची खरी परीक्षा जुलैत असते, भरदुपारी अंधारून आलेले, वीज गेलेली आणि पश्चिमेची भिंत ओलावलेली. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर ओल हाच मुख्य शत्रू. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावते. बाहेरच्या भिंतीला रॅक चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा. खालची फळी जमिनीपासून पंधराएक सेंटीमीटर वर हवी. एका साध्या आर्द्रतामापकाला फार पैसे पडत नाहीत. तो भिंतीवर लावला की कुठला कोपरा धोक्याचा आहे ते दोन पावसाळ्यांत कळते.

एसीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. दिवसा सहा तास एसी लावून रात्री बंद केला, की बंद खिडक्यांच्या खोलीत आर्द्रता खाली-वर होत राहते, आणि कागदाला ते सतत मुरणाऱ्या ओलीइतकेच वाईट. चोवीस तास चालवणे परवडत नसेल, तर साठ्याच्या खोलीत एसी नकोच. समोरासमोरच्या खिडक्या, बारीक जाळी आणि एक चांगला एक्झॉस्ट पंखा यांनी बरेच भागते.

रॅक खिडक्यांना काटकोनात ठेवले तर वाटांमध्ये उजेड आणि वारा दोन्ही शिरतात. समांतर ठेवले तर पहिलाच रॅक दोन्ही अडवतो. टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड हवा. मोबाइलवरच्या ॲपने तो ढोबळ मोजता येतो. दिव्यांचे पाइप मात्र रॅकच्या आडवे टाका. वाटेवर नेमके टाकलेले दिवे आज छान दिसतात, पण उद्या रॅक हलवले की सगळे रॅकच्या डोक्यावर येतात. ब्रिटिश वास्तुविशारद हॅरी फॉकनर-ब्राउन यांनी ग्रंथालय इमारतींसाठी दहा गुण सांगितले, त्यांतला पहिला लवचीकपणा. आपल्याकडे तो साध्य होतो तो हलवता येणाऱ्या भिंतींनी कमी आणि जमिनीत योग्य ठिकाणी ठेवलेल्या वायरिंगने जास्त.

इमारत जुनी असेल तर आधी तिला ओळखा. मुंबई विद्यापीठाचे राजाबाई टॉवरखालचे ग्रंथालय एकोणिसाव्या शतकातले. त्या काळातल्या दालनांत उंच छत, मोठ्या खिडक्या, हवा खेळायची सोय असते. त्यात खोटे छत टाकून आणि खिडक्या बंद करून आपण फुकट मिळालेला उजेड-वारा विकत घ्यायला निघतो.

बोलणारे, न बोलणारे आणि संध्याकाळचे

एकाच हॉलमध्ये गटचर्चा आणि शांत वाचन चालत नाही, आणि ‘शांतता राखा’ या पाटीने आजवर कोणी गप्प बसलेले नाही. दाराजवळ आवाज, आत जावे तशी शांतता, असा क्रम लावा. दारालगत वर्तमानपत्रे, नवीन पुस्तके आणि काउंटर, मग चर्चेच्या चार-पाच जागा, सगळ्यात आत एकेकट्यांची टेबले. शेजारची एखादी वर्गखोली दुपारी रिकामी असेल, तर काचेची केबिन बांधण्याऐवजी तीच चर्चेला द्या.

स्पर्धा परीक्षा करणारे विद्यार्थी हा वेगळाच वर्ग. त्यांना तुमची पुस्तके फारशी नको असतात, खुर्ची हवी असते, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. त्यांना हाकलणे चुकीचे आणि त्यांच्यासाठी पूर्ण ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडे ठेवणे अशक्य. उपाय आराखड्यातच असतो: अभ्यासिकेला बाहेरून स्वतंत्र दार आणि आतून साठ्याकडे जाणाऱ्या दाराला कुलूप. मग रात्री एक रखवालदार पुरतो. या दारापासून मुलींचे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी किती पावलांवर आहे, रस्त्यावर दिवा आहे का, हे मोजल्याशिवाय ‘रात्री नऊपर्यंत खुले’ अशी जाहिरात करू नका.

अपंग विद्यार्थ्यांसाठीची सोय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे आता मर्जीचा विषय राहिलेली नाही. उताराचे प्रमाण एकास बारा, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर, चाकाची खुर्ची वळवायला १५० सेंटीमीटर व्यासाची जागा. जोते ६० सेंटीमीटर उंच असेल तर उताराला सात मीटरहून जास्त लांबी लागते. ही जागा शेवटी शोधायला गेलात तर मिळत नाही, म्हणून आराखड्यात पहिली रेघ तिचीच ओढा.

हलवाहलव

निर्णय डिसेंबरपर्यंत झाला तरच मे महिन्यात काम होते. दरपत्रके आणि मंजुरी मार्चअखेरच्या गर्दीत अडकली तर काम जूनमध्ये सुरू होते आणि छताचे काम पावसात. तोडफोड आणि रंग आधी संपू द्या, धूळ बसू द्या, वाळवीची फवारणी करून घ्या, मगच पुस्तके आणा. हलवण्याआधी प्रत्येक विषय किती मीटर फळी व्यापतो ते टेपने मोजा आणि नव्या रॅकवर खडूने वर्गांक लिहून ठेवा. पुस्तके सुतळीने बांधू नका, बांधणीच्या कडा कापल्या जातात. भाजीवाल्यांकडची प्लास्टिकची क्रेट उत्तम. क्रेटवर क्रमांक आणि मजुरांसोबत एक ग्रंथालय कर्मचारी सतत, नाहीतर इतिहास रसायनशास्त्रात जाऊन बसतो आणि पुढचे सत्रभर सापडत नाही.

फर्निचर सगळ्यात शेवटी आणि निम्मेच घ्या. निविदेत नमुना मागवा, खुर्ची आठ दिवस वाचनकक्षात ठेवा आणि मुलांना तिच्यावर दोन-दोन तास बसू द्या. ऑफिसात पाच मिनिटे बसून पसंत केलेली खुर्ची कंबर दुखवते. पहिले सत्र संपल्यावर कोणती टेबले भरतात ते पाहून उरलेली मागणी नोंदवा. मात्र या दोन टप्प्यांची आणि त्याच दराची अट निविदेतच लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या टप्प्याला पुरवठादार लोखंडाचे भाव वाढल्याचे सांगतो.